अंजूचं कांस्य आणि सहा मीटर सत्तर

२७ ऑगस्ट २०२३, रविवारची रात्र. पेठेत निजानीज झालेली. टीव्हीसमोर मी आणि माझी लेक. बुडापेस्टला जागतिक अॅथलेटिक्सची भालाफेकीची फायनल सुरू. नीरज चोप्राची पहिलीच फेक फाऊल, पोटात गोळा आला. दुसरी फेक हातातनं सुटली आणि भाला हवेत असतानाच गडी पाठ फिरवून, दोन्ही हात वर करून प्रेक्षकांकडं वळला. ८८.१७ मीटर! समोरच्याची पाठ टेकायच्या आधीच पैलवानाला डाव बसल्याचं कळतं, अगदी तसं. पाकिस्तानच्या अर्शद नदीमचं रौप्य ८७.८२ वर, म्हणजे ३५ सेंटिमीटरचा फरक. आपला किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. जगातल्या पहिल्या सहात आपली तीन पोरं, ह्याचं मला सुवर्णाइतकंच अप्रूप वाटलं.

तरीपण मला विचाराल तर ह्या स्पर्धेतलं आपलं सगळ्यात मोठं पदक अंजू बॉबी जॉर्जचं. २००३, पॅरिस, लांब उडी, ६.७० मीटर, कांस्य. त्याआधी जागतिक अॅथलेटिक्समध्ये भारताच्या नावावर एक पदक नव्हतं. पुढचं यायला १९ वर्षं लागली, तेही नीरजचंच, २०२२ ला युजीनमध्ये रौप्य. मागं कुणी वाट घालून दिलेली नसताना अंजूनं हे केलं. आणि मी एकाच किडनीवर खेळत होते, हे तिनं जगाला सांगितलं २०२० मध्ये!

कोल्हापूरकरांना कांस्याची किंमत मी काय सांगणार? आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या पैलवान खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकात कांस्यच आणलं, आणि देशाला ऑलिंपिकचं पुढचं वैयक्तिक पदक बघायला १९९६ उजाडलं. राधानगरीकडच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं पदकही कांस्य. खाशाबा आपल्याकडं पोराटोरांना माहीत आहेत. अंजूचं नाव मात्र आमच्या मैदानावर लांब उडीला येणाऱ्या पोरींनाही माहीत नव्हतं. ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाट पाडणाऱ्या बाईचं नाव तिच्याच वाटेनं पळणाऱ्या पोरींना ठाऊक नसावं?

लेक ह्याच मैदानावर सराव करते. पावसानंतर खड्ड्यातली वाळू दगडासारखी बसते. मग सर आणि पोरी मिळून आधी कुदळीनं ती फोडतात, खोऱ्यानं वरखाली करतात, आणि मग उड्या. गेल्या रविवारी मी पोरींना अंजूची गोष्ट सांगितली. एक म्हणाली, "काका, सहा सत्तर म्हणजे कुठवर?" टेप आणला. एक टोक लेकीनं फळीवर धरलं, दुसरं घेऊन मी वाळूत गेलो. त्यांच्या उड्यांच्या खुणा केव्हाच मागं पडल्या. ६.७० वर काडी रोवली. मग ६.७४ वर दुसरी, कारण २००३ ला पॅरिसला रशियाच्या तात्याना कोतोवाचं रौप्य तेवढ्यावर होतं. दोन काड्यांच्या मधे लेकीनं बोटं ठेवून बघितली. दोनच बसली.

सरांनी शिट्टी वाजवली. काड्या तशाच ठेवून पोरी रनअपला गेल्या.