खुलासा: कम्युनिटी कॉलेजचं फिजिक्स यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) चालतं

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘कम्युनिटी कॉलेजचं फिजिक्स यूसीत धरत नाहीत, वर्ष वाया जातं.’ हे खरं नाही. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, सुरुवात करून पुढे यूसीत जाता येतं. घोळ होतो तो कोर्स निवडताना. क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात फिजिक्सच्या कोर्सच्या दोन मालिका आहेत. ‘२ए’ची त्रिकोणमितीवर भागते, ‘४ए’ची कॅल्क्युलसवर, म्हणजे वेग काढायचा तर स्थानाचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घ्यायचं. यूसीच्या इंजिनिअरिंगला ४एचीच मालिका लागते. २एचे युनिट (क्रेडिट) यूसीत जमा होतात, पण इंजिनिअरिंगची अट त्याने पुरी होत नाही.

असिस्ट या राज्याच्या अधिकृत साइटवर कॉलेज, यूसीचा कॅम्पस आणि मेजर (मुख्य विषय) निवडलं की कोणता कोर्स कशाच्या जागी चालतो ते दिसतं. मुलं घाबरून चांगला रस्ता सोडतायत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हे टाका.