सही जुळत नाही

सर्व्हर दोनच शब्द बोलतो: ‘इनव्हॅलिड सिग्नेचर’. का, कुठे, किती, काही नाही. रुसलेल्या माणसासारखं. रुसलाय हे कळतं, कशावरून ते आपणच शोधायचं.

त्याला बोल लावण्यातही अर्थ नाही. इथे सही म्हणजे हॅश, मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, आणि हॅशचा स्वभावच तसा. एसएचए-२५६ हा हॅश काढायचा एक प्रकार. त्याला एक अक्षर द्या नाहीतर अख्खा ग्रंथ द्या, तो २५६ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक), म्हणजे हेक्स या सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत ६४ अक्षरांचा, एक ठोकळा तुमच्या हातावर ठेवणार. मूळ मजकुरात एक बिट जरी इकडचा तिकडे झाला, तरी ठोकळ्यातले साधारण निम्मे बिट पालटतात. त्यामुळे ‘थोडक्यात हुकलं’ असला दिलासा इथे मिळत नाही. शेवटी एक स्पेस जादा राहिली काय किंवा भलताच मजकूर गेला काय, उत्तर सारखंच अनोळखी.

माझं काम दोघांच्या मधलं. इकडे आमचं ॲप, तिकडे दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर. ॲपने मजकूर आणि सिक्रेट की (दोघांनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली) घेऊन हॅश काढायचा, सर्व्हरने तोच स्वतः पुन्हा काढायचा, आणि दोन्ही जुळले की दार उघडायचं. ॲपवाला म्हणतो, “सर, माझ्याकडे बरोबर येतोय.” सर्व्हरवाल्या मॅडम म्हणतात, “आमच्याकडेही बरोबरच येतोय.” पंचाईत अशी, की दोघंही खरं बोलतायत.

मग मी दोघांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून बघतो. डोळा हे या कामातलं सगळ्यात कुचकामी हत्यार. दोन्हीकडे तेच दिसतं. पण एकाच्या फाइलच्या तोंडाशी बीओएम नावाच्या न दिसणाऱ्या खुणेचे तीन बाइट (बाइट म्हणजे आठ बिट) दबा धरून बसलेले असतात. ओळ संपताना लिनक्सवाला एक बाइट टाकतो, विंडोजवाला दोन. जेसन या साच्यात माहिती लिहिताना पायथन स्वल्पविरामानंतर ऐसपैस जागा सोडतो. जावास्क्रिप्ट कंजूष, काही सोडत नाही. बेस६४ ही बाइट साध्या अक्षरांत लिहायची रीत, तिच्यातलं अधिकचं (+) चिन्ह यूआरएलमधून जाता जाता स्पेस होऊन पोचतं. आणि आपला ‘ऱ’! तो एका कोडनेही लिहिता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना कोड देणाऱ्या मानकाच्या, लेखी दोन्ही एकच, हॅशच्या लेखी एकमेकांना परके. खात्री करायला टर्मिनलवर ‘एको’ हा मजकूर छापायचा आदेश वापरून हॅश काढावा, तर तो पठ्ठ्या न विचारता शेवटी एक नवी ओळ चिकटवतो. म्हणजे आता भांडणात तिसरं उत्तर.

या वेळचा घोळ मात्र निराळाच होता. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवंगार. असणारच, कारण तिथल्या झाडून सगळ्या ग्राहकांचं नाव ‘टेस्ट युजर’, तेही रोमन लिपीत. साध्या रोमन अक्षरांचे बाइट आस्की, लॅटिन-१ आणि यूटीएफ-८ या तिन्ही एन्कोडिंगांत (अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतींत) तेच असतात. मग खरे ग्राहक आले, त्यांनी आपापली नावं देवनागरीत लिहिली आणि एकेकाला दारातूनच परत पाठवणं सुरू झालं.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. वेलांटीलाही अक्षराएवढाच मान. त्या हिशेबाने आमचा ‘विजय’ १२ बाइटांचा. मी मॅडमना म्हटलं, “हॅश राहू द्या, हॅश काढायच्या आधीचे बाइट तेवढे पाठवा.” (हे मागायला लोक का लाजतात कोण जाणे. त्याने शंभर मेल टळतात.) बाइट आले. चार. चारही ३एफ, म्हणजे प्रश्नचिन्हं.

त्यांचा कोड जावा या भाषेच्या जुन्या आवृत्तीवरचा. स्ट्रिंगचे, म्हणजे मजकुराचे, बाइट मागताना एन्कोडिंग सांगितलं नाही, तर जुना जावा यंत्राच्या सेटिंगवर विसंबायचा. काही न सांगता यूटीएफ-८ धरून चालायची सुबुद्धी त्याला २०२२ साली, आवृत्ती १८ मध्ये झाली. या यंत्राला देवनागरीचा गंध नव्हता. ओळखीचं नसलेलं चिन्ह आलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि वर तक्रारीचा शब्द नाही. म्हणजे ‘विजय’ची चार प्रश्नचिन्हं, ‘सुमन’चीही चार. दोघांचा हॅश एकच! दोन वेगळ्या मजकुरांचा एसएचए-२५६ सारखा आलाय, असं उदाहरण आजवर जगात कोणी जाहीर दाखवलेलं नाही. हा सर्व्हर ते चहूकडे वाटत सुटला होता.

मी हे सांगितलं तेव्हा ॲपवाला हसला नाही. विचार करून म्हणाला, “सर, मग आपणही हॅशच्या आधी नावाची प्रश्नचिन्हं करू या का? जुळेल.”

जुळलं असतं, हेच तर वाईट.

शेवटी मॅडमनी कोडमध्ये यूटीएफ-८ लिहिलं, सही जुळली आणि सर्व्हरने लगेच नवे शब्द उच्चारले: रिक्वेस्टची वेळ अमान्य. ॲप एका ठरलेल्या क्षणापासून मोजलेले मिलिसेकंद पाठवत होतं, सर्व्हर त्यांना सेकंद समजत होता. त्याच्या हिशेबाने आमची रिक्वेस्ट ५० हजारांहून अधिक वर्षं पुढून आलेली. मॅडमचं म्हणणं, एवढ्या लांबून आलेल्याला एकदम आत कसं घ्यायचं?