गोजी बेरीत संत्र्याच्या 500 पट सी जीवनसत्त्व? आकडे वेगळंच सांगतात

‘संत्र्याच्या 500 पट सी जीवनसत्त्व, डोळ्यांचे विकार बरे, कसलाही अपाय नाही, हीच हिमालयातली बेरी खाऊन चीनचा ली छिंगयुन 256 वर्षं जगला.’ गोजी बेरी या छोट्या लाल फळाबद्दलचा हा मजकूर सगळीकडे फिरतोय.

आधी 500 पट. 100 ग्रॅम सुक्या गोजीत सी जीवनसत्त्व साधारण 48 मिलिग्रॅम, तेवढ्याच संत्र्यात 53. त्यातही सुकी गोजी एका वेळी 28 ग्रॅम, म्हणजे पाचेक मोठे चमचे खाल्ली जाते. त्यातून मिळतात जेमतेम 14 मिलिग्रॅम, आणि सोबत 13 ग्रॅम साखर. मधुमेह असेल तर ती हिशेबात धरायलाच हवी.

डोळ्यांच्या दाव्यात मात्र तथ्याचा अंश आहे. गोजीत झियाझँथिन हे पिवळं रंगद्रव्य भरपूर असतं आणि ते दृष्टिपटलाच्या मध्यभागी साठतं. 27 निरोगी प्रौढांच्या एका चाचणीत, 90 दिवस आठवड्यातून पाचदा 28 ग्रॅम गोजी खाणाऱ्यांमध्ये या रंगद्रव्याची घनता वाढली. म्हणून आजार बरा होतो असं सिद्ध होत नाही.

झियाझँथिन पाण्यात नाही, चरबीत विरघळतं. त्यामुळे नुसता गोजीचा चहा गाळून प्यायला तर ते बहुतेक चोथ्यातच राहतं. चहा करा, पण फळंही खा. दाणे धुऊन कोमट पाण्यात 10 मिनिटं भिजवा आणि अंडं, अक्रोड किंवा साईच्या दह्याबरोबर घ्या. सूपमध्ये शेवटची 5 ते 10 मिनिटंच घाला. जास्त उकळली तर फळं फुटतात आणि सूप आंबूस लागतं. केकमध्ये न भिजवता टाकली तर ती पिठातला ओलावा शोषतात आणि आसपासचा भाग कोरडा पडतो.

256 वर्षांना आधार नाही. ली 1933 मध्ये वारला, पण 1677 च्या जन्माचा विश्वासार्ह पुरावा नाही. पडताळलेलं सर्वाधिक आयुष्य फ्रान्सच्या झान काल्माँचं, 122 वर्षांचं. बाजारातली बहुतेक गोजीही हिमालयातली नसते, चीनच्या निंगशिया भागात तिची शेती होते.

सगळ्यात घातक आहे ‘अपाय नाही’ हे वाक्य. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या रुग्णांनी गोजीचा चहा किंवा रस घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्याही वैद्यकीय नोंदी आहेत. हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोजी कोणत्याही रूपात घेऊ नका.