गीझरचं पाणी कोमट येतंय म्हणून रेग्युलेटर पिळू नका

थंडी पडली की आमच्या मिरजेतल्या गल्लीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. ‘गॅस गीझरचं पाणी कोमट येतंय? रेग्युलेटरच्या टोपीखालचा स्क्रू अर्धा फेरा आवळा. पाइपलाइनचा गॅस घेतलात तर नुसता रेग्युलेटर बदला, बाकी सगळं तेच चालतं. ज्योत निळी असली की धोका नाही, खिडकी लावून खुशाल अंघोळ करा. गळती वाटली तर काडी ओढून बघा.’ खाली पंधरा अंगठे. शेगड्या-गीझर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून मग लोक मला विचारतात, ‘खरं का ओ?’

पाणी कोमट का येतं ते आधी बघा. समजा तुमचा गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवतो. मे महिन्यात टाकीतलं पाणीच ३० अंशांचं. ते ५५ वर जातं आणि आपण वर गार पाणी ओततो. जानेवारीच्या पहाटे तेच १६ अंशांवर असलं, तर तेवढाच गॅस जाळून ते ४१ वर थांबणार आणि बादलीत पडेपर्यंत आणखी उतरणार. गीझर बिघडलेला नाही, दाबही कमी नाही. पाण्याचा नॉब थोडा आवळा. मिनिटाला चारच लिटर सोडलंत तर ३७ अंशांची वाढ मिळते. बादली भरायला वेळ लागेल, बस्स.

ज्योतच मंद दिसत असेल तर सिलिंडरला हात लावून बघा. असा गीझर तासाला जवळपास किलोभर गॅस ओढतो. आतलं द्रव उकळून त्याचा गॅस होतो आणि त्यासाठी लागणारी ऊब सिलिंडरच्या पत्र्यातूनच यावी लागते. तळाशी थोडंच उरलं की पत्रा गारठतो, बाहेरून घाम फुटतो, गॅस कमी निघतो. तेव्हा सिलिंडर बदलायचा. गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायचा नाही.

आता स्क्रू. सिलिंडरमधला दाब हवामानाप्रमाणे कमी-जास्त होतो. घरगुती रेग्युलेटर तो ३० मिलिबारवर, म्हणजे फूटभर उंच पाण्याच्या दाबाइतका, आणून ठेवतो. गीझरचा जेट म्हणजे गॅस सुटायचं बारीक छिद्र, बर्नर, हवेची वाट, सगळं त्या आकड्याला धरून कापलेलं असतं. म्हणून रेग्युलेटर कारखान्यातच सेट करून बंद केलेला असतो आणि वरचा नॉब फक्त चालू-बंद करायला. खटपट करून कुणी दाब दीडपट केलाच, तर गॅस साधारण २२ टक्के जास्त येतो, पण गीझरच्या पेटीत हवा यायची आणि धूर जायची वाट तेवढीच राहते. मग ज्योतीला पिवळी टोकं, पाणी तापवणाऱ्या पातळ पट्ट्यांवर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. स्क्रू सापडला नाही म्हणून भडंगाच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर घरी लावणारेही मी पाहिलेत. त्यावर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब ठेवला तर तो घरच्या दाबाच्या तीसपटीहून जास्त होतो. त्यांना मी ओरडतो, दुसरं काय करणार.

पाइपलाइनच्या गॅसची गोष्ट तर उलटीच आहे. तो बहुतांशी मिथेन. सिलिंडरच्या गॅसपेक्षा घनमीटरमागे त्याची उष्णता अडीच-तीन पटींनी कमी आणि घरात तो २१ मिलिबारच्या आसपास मिळतो. तेवढीच आच हवी तर जेटच्या छिद्राचं क्षेत्रफळ ढोबळमानाने दुप्पट लागतं. नुसता रेग्युलेटर बदललात तर शेगडीवर भात शिजता शिजणार नाही. म्हणून कोणी सुईने छिद्र मोठं करतो, ते वेडंवाकडं होतं. पुढे भाडेकरू बदलला, त्याने तीच शेगडी सिलिंडरला जोडली, की भांडी काळी. शेगडीचे जेट कनेक्शन देणाऱ्यांचा माणूस बदलतो. गीझर मात्र त्या गॅससाठी बनवलेलाच घ्यावा.

निळ्या ज्योतीबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. पिवळी ज्योत वाईटच. पण निळी बघून खिडकी लावणं हे जिवावरचं काम. पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम घ्या. त्यात आठ घनमीटर हवा. किलोभर गॅस पुरता जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत गीझरने खोलीतली पाव हवा खाल्ली. प्राणवायू उतरला की आधी निळी असलेली ज्योतही अर्धवट जळायला लागते. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला तो नसतोच. डोकं जड होतं, पाय गळतात आणि कडी आतून लावलेली असते. गीझर बाहेरच्या बाजूला, गच्चीत किंवा डक्टमध्ये बसवून गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी.

मेसेजच्या शेवटी गळती काडी ओढून तपासायला सांगितलंय. तसलं काही नको. साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर सिलिंडर बंद करून १९०६ या गॅसगळतीच्या मदत नंबरवर फोन करा.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजने सांगायला हवी होती. रेग्युलेटरवर एक बारीक भोक असतं, आतल्या पडद्याला श्वास घ्यायला. ते एमसीलने बुजवू नका. सिलिंडर बाहेर ओट्यावर असेल तर कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर केलंय का तेही बघा. तसं दिसलं तर काडीने कोरत बसू नका, रेग्युलेटर एजन्सीत नेऊन बदलून घ्या.