माळवदावरची माती

परवा पहाटे मी आमच्या जुन्या वाड्यात जाऊन आलो. तो वाडा 1993 सालीच पडलाय.

आधी एक सांगून टाकतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सुट्टीच्या दिवशी गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतो. नारळ पेटवतो (शेंडीत पोटॅशियम परमँगनेट लपवायचं, वरून 'तीर्थ' म्हणून ग्लिसरीन सोडायचं). लिंबातून 'रक्त' काढतो (सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून वाळवायचं, लिंबाचं आम्ल लागलं की झालं लाल). तेव्हा मी भुतांवर पोस्ट लिहितोय म्हटल्यावर आमच्यातले दोन-चार जण लगेच फोन करणार. करा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

स्वप्न असं.

वाड्याचा दरवाजा ढकलला. कडी जिथं असायची तिथंच होती, हात आपोआप गेला. ढाळजेत (दरवाज्यालगतच्या ओसरीत) कुणी नव्हतं, नुसता कडब्याचा वास. आत चौकात आलो आणि बघतो तर सगळे तिथं. अंगभर पांढरी माती. केसांवर, पापण्यांवर, ओठांवर. तेवढे डोळे ओले आणि काळेभोर. शिडी माळवदाला, म्हणजे मातीच्या छताला लावलेली, आणि वरून घमेली उतरत होती. वरचा माणूस आजोबाला देतोय, आजोबा आज्जीला, आज्जी मधल्या चुलतीला, चुलती शेजारच्या सुताराला. (हा सुतार आमच्या वाड्यात कधी राहत नव्हता, पण त्या रात्री तोही गेला होता.) अशी ती रांग दरवाज्यातून बाहेर, थेट वेशीपर्यंत. भरलेलं घमेलं जातंय, रिकामं परत येतंय. फरशीवर घमेलं टेकताना होणारा खर्रर्र आवाज, बास. बाकी कुणी बोलत नव्हतं.

मी म्हणालो, "काय करूलालाव?"

आज्जीनं वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "माळवद हलकं करूलालाव. तू कामून उभारलास? लाव की हात."

मी हात पुढं केले. घमेलं हातात आलं आणि पेलवेना. छातीशी धरलं तर तसाच मागं गेलो, उताणा पडलो, घमेलं छातीवर. वरून दुसरं आलं, तिसरं आलं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज नाही. तेवढ्यात डोळे उघडले. माझी खोली, वर पंखा फिरतोय, खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड. आणि तरी हात हलेना, पाय हलेना, छातीवरचं वजन तसंच. पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी उभं होतं. पांढरं.

मग एकदम सुटलो. मोबाईल बघितला, 4:22. तीन छप्पन्न नव्हे बरं का. तसं लिहिलं असतं तर पोस्ट जास्त चालली असती, पण नव्हते वाजले.

तीन छप्पन्न म्हणजे काय हे औसा, लोहारा, उमरगा भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत. सुमारे 10 हजार माणसं गेली. मी अकरा वर्षांचा होतो. विसर्जन करून आलेली आम्ही पोरं रिकाम्या मांडवातच आडवी झालो होतो, म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.

आणि माळवद म्हणजे काय, हेही नव्या पोरांना सांगायला पाहिजे. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. कुठल्याही स्लॅबपेक्षा राहायला चांगलं, हे मी आजही म्हणतो. पण गळायचं. म्हणून दरसाल मृगाच्या आधी वर नवा थर. जुना थर कुणी काढत नसे, नवा घालत. पणज्यानं घातला, आजोबानं घातला, चुलत्यांनी घातला. कौतुकानं, मेहनतीनं, चार पिढ्यांनी स्वतःच्या डोक्यावर माती चढवत नेली. खाली भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, पण गोट्यांच्या. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये चिखल आणि भरताड. आरपार बांधून ठेवणारा दगड नाही. हादरा बसला तशा त्या उभ्या उकलल्या. कितीतरी घरांत खांब-तुळयांचा लाकडी खण दुसऱ्या दिवशीही उभा होता आणि त्याच्या पायाशी भिंती आणि माती. आज्जीला काढलं तेव्हा तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. तोंडात माती होती.

आता सांगा, बत्तीस वर्षांनी माझ्या झोपेत ही माणसं माळवद उतरवतायत, यात न समजण्यासारखं काय आहे?

विज्ञान मला पाठ आहे. शिकागोत 1953 साली आसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी झोपेतल्या डोळ्यांच्या भरभर हालचाली नोंदवल्या. ती रेम झोप, ठसठशीत स्वप्नं बहुतेक तिच्यात पडतात. साधारण दीड तासानं तिची पाळी येते आणि पहाटेकडं ती लांबत जाते. म्हणून पहाटेचं स्वप्न लक्षात राहतं, आणि लक्षात राहतं म्हणून 'पहाटेचं स्वप्न खरं होतं' असं आपण म्हणतो. त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर माणूस स्वप्नातल्या विहिरीत खरंच उडी मारेल. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. मधल्या त्या काही क्षणांत छाती दाबली जाते, खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. उताणं झोपणाऱ्याला जास्त. आमच्याकडं याला खवीस बसला म्हणतात. माझ्यावर बसला तो हाच. पंखा खरा होता, पायथ्याचा माणूस स्वप्नातून सांडलेला.

हे सगळं मला 4:22 ला माहीत होतं. 4:30 लाही माहीत होतं. तरी मी उजाडेपर्यंत दिवा लावून बसलो होतो.

सकाळी घरात सांगितलं. चूक झाली. दुपारपर्यंत सासुरवाडीला कळलं, संध्याकाळी एका 'जाणकारा'चा निरोप आला. पितृदोष आहे, अकाली गेलेले अडकलेत, शांत करावी लागेल, सामानासहित 21 हजार. मी म्हटलं, माझ्या आज्जीनं 21 हजार एकरकमी कधी बघितले नाहीत, तिला परवडायचं नाही. फोन ठेवला. हा भाग सोपा होता. असल्यांशी भांडायला मला आवडतं.

अवघड भाग दुसराच आहे, आणि पोस्ट त्यासाठीच लिहितोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात प्रयोग संपवून पिशवी भरत होतो. एक बाई थांबली. डोक्यावरून पदर, हातात टिफिनची पिशवी. म्हणाली, "गुरुजी, माझं लेकरू सपनात येतंय." भूकंपात गेलेलं. मला परतीची एसटी गाठायची होती. मी म्हणालो, "माय, ते भूत नसतंय. तो मेंदूचा खेळ आहे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मेंदूला सांगा की, रोज धाडत जा म्हणून. सा-सा महिने येत न्हाई."

मी हसलो. खरं सांगतो, हसलो. मला वाटलं, मस्त किस्सा मिळाला. पुढच्या दोन-तीन भाषणांत सांगितलासुद्धा. लोक हसायचे.

नंतर कळलं की ती बाई दर अमावास्येला एका देवऋष्याकडं जाते. मला राग आला. इतकं समजावून सांगितलं तरी जाते! कुणीतरी म्हणालं, अहो तो काही करत नाही, नुसतं विचारतो. लेकरू कसं दिसलं, अंगात काय होतं, जेवलं का, काही मागितलं का. अर्धा-अर्धा तास ऐकतो, मग अंगारा देतो आणि नारळाचे पैसे घेतो.

माझ्याकडं तिला अर्धा मिनिट मिळालं होतं.

देवऋष्याची बाजू घेत नाही, गैरसमज नको. अंगातलं भूत काढतो म्हणून बायकांना साखळीनं बांधणारे, मिरचीची धुरी देणारे, चटके देणारे याच मराठवाड्यात होते आणि आहेत. 20 ऑगस्ट 2013 ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर आधी वटहुकूम आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम या मारहाणीचं आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, 5 हजार ते 50 हजार दंड. हा कायदा पाहिजेच, आणखी कडक वापरला पाहिजे. असलं कुठं दिसलं तर आधी पोलिसांना फोन करा, मग मला.

पण कायदा साखळी सोडवतो. स्वप्न कुणाला सांगायचं, याची सोय कायद्यात नाही. ती आमच्याकडंही नाही. आम्ही 'भुतं नसतात' एवढं सांगून टाळ्या घेतो आणि एसटी पकडतो. भूत नसतं हे शंभर टक्के खरं आहे. पण ज्याला आपलं मेलेलं माणूस दिसलं त्यानं तुम्हाला भूत असतं का, हे विचारलेलंच नसतं. तो वेगळंच सांगायला आलेला असतो. आणि ते ऐकायचं दुकान आम्ही देवऋष्याला एकट्याला देऊन टाकलंय. या धंद्यात त्याला स्पर्धकच नाही.

आमच्या नव्या गावाचंच बघा. सरळ रस्ते, आखीव गल्ल्या, जमिनीच्या हिशोबानं 250, 450 नाहीतर 750 चौरस फुटांची घरं. घर भक्कम, तक्रार नाही. पण मला आज बेचाळिसाव्या-त्रेचाळिसाव्या वर्षीसुद्धा स्वप्नात ते घर एकदाही आलेलं नाही. तिथं मी वाड्यापेक्षा दुप्पट वर्षं काढली, लग्न तिथं झालं, पोरं तिथं झाली. झोप लागली की मी ढाळजेत. जुन्या गावठाणात आता वेड्या बाभळी आहेत, आणि रात्री तिकडं आवाज येतात म्हणून दिवस मावळला की कुणी फिरकत नाही. पोरांना मी सांगतो, घुबड असतंय, कोल्हं असतंय. म्हातारी माणसं माझ्याकडं बघतात आणि काही बोलत नाहीत.

तर परवाचं स्वप्न मी शेवटी तात्याला सांगायचं ठरवलं. तात्या म्हणजे माझा मधला चुलता. त्या रात्री मळ्यात झोपायला गेला होता म्हणून राहिला. आता ऐंशीच्या पुढं आहे, कमी ऐकू येतं. ओसरीवर बसून तंबाखू मळत होता. मी शेजारी बसलो आणि मोठ्यानं सगळं सांगितलं. रांग, घमेली, पांढरी माती, आज्जी काय म्हणाली ते. चुलती होती, हेही सांगितलं. बत्तीस वर्षांत त्यानं मला त्या रात्रीबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि मी त्याला.

त्यानं तंबाखू तशीच हातात धरली. सगळं संपल्यावर म्हणाला, "शिडी कुठं लावली होती? न्हाणीकडनं का देवघराकडनं?"

"न्हाणीकडनं."

"हां. तिकडलाच थर जास्त होता. मीच घातला होता त्या साली."

मग बराच वेळ काही नाही. समोरून शेळ्या गेल्या. मग रस्त्याकडं बघतच विचारलं, "पोरगी होती का रांगंत?"

त्याची पोरगी. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, न्हाणीच्या भिंतीकडं आईजवळ झोपलेली. ती मला दिसली नव्हती. मी रांग वेशीपर्यंत बघितली होती, सुतार दिसला, ती नव्हती.

"होती," मी म्हणालो. "चुलतीच्या बाजूलाच."

तात्यानं मान हलवली. तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले.

"तिला ल्हान घमेलं दिलं असंल ना?"