अजून एकच हिसका

आमच्या पडवीत सात करवती आहेत आणि घराच्या कौलांवर ओणवलेली फणसाची फांदी तीन वर्षं जागची हललेली नाही. ही दोन वाक्यं आमची सौभाग्यवती पाहुण्यांना एका दमात सांगते. मध्ये श्वाससुद्धा घेत नाही.

या हातकरवती नव्हेत, पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती. आमच्याकडे त्यांना कटर म्हणतात. माझे सातही कटर माझ्या वयाचे किंवा माझ्याहून वडील. 'चालणाऱ्या' हा शब्द वर सवयीने पडला, तेवढा माफ करा.

खूळ डोक्यात शिरलं ते निसर्ग वादळात. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरावरून गेलं आणि वाडीतल्या पोफळी झोपल्या, माड मधूनच मोडले, रस्ता झाडांखाली गडप झाला. मग एनडीआरएफची माणसं कटर घेऊन आली. आमचं कुऱ्हाडीने दोन दिवस झटून न हललेलं आंब्याचं खोड त्यांनी चहा उकळेपर्यंत मोकळं केलं. गावाने त्या माणसांना चहा दिला, पाणी दिलं, आशीर्वाद दिले. मी मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारलं.

नवा कटर घेतला असता तर विषय तिथेच मिटता. पण मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. जुनं ते किती जुनं, हे बघायची खोड. छपरासाठी पत्रे बघायला माणगावला एका भंगारवाल्याकडे गेलो आणि पिवळ्या रंगाचं एक धूड घेऊन परतलो. पत्रे राहिले. नावाची पट्टी गंजून गेलेली, पण पिवळं आहे म्हणजे मॅक्कलक, असं मी जाहीर केलं.

"जेसीबीपण पिवळाच असतो," ही म्हणाली.

मग मी तिला मॅक्कलक कोण ते सांगितलं. पूर्वी असली बरीच यंत्रं दोन टोकांना दोघांनी धरायची असत. याच्या कंपनीने १९४९ साली २५ पौंडांचं, म्हणजे साधारण ११ किलोचं, एकट्याने उचलायचं मशीन काढलं. पैसा इतका झाला की गड्याने १९६८ साली लंडनचा जुना पूल विकत घेतला, त्याचे बाहेरचे दगड सुटे करून अमेरिकेत नेले आणि १९७१ पर्यंत तो ॲरिझोनाच्या वाळवंटात पुन्हा उभा केला. ही शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "त्याने नेलेलं जोडून तरी दाखवलं. तुमचं सुटं सामान तुळशीवृंदावनापर्यंत आलंय."

दुरुस्तीचे मुद्दे कागदावर सोपे असतात: ठिणगी, पेट्रोल, हवा. तिन्हींपैकी दोन गोष्टी नेहमी हजर असतात, आणि तिसरी कुठली गेली ते शोधण्यात माणसाचा मे महिना जातो. पहिल्याच दिवशी मी मशीन सुरू करायच्या दोरीच्या चकतीचं झाकण उघडलं. आतली गुंडाळी स्प्रिंग फुरसं उडावं तशी उडाली आणि आंबोशी वाळत घातली होती तिथे जाऊन पडली. तिच्यामागे मीही. पिस्टन जाम होता, म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल ओतून आठ दिवस तो श्रीखंडाच्या डब्यात उभा ठेवला. त्या डब्यात नंतर कोणी श्रीखंड ठेवलं नाही, यावर घरात बोलणं झालेलं आहे.

बोर्लीच्या मेकॅनिकने हयात लुना आणि टू-स्ट्रोक स्कूटर उघडण्यात घालवली. त्याने लांबूनच वास घेतला आणि म्हणाला, "सर, ठिणगीचे पॉइंट साफ करा, कार्बोरेटरचा पडदा बदला. आणि हे हल्लीचं पेट्रोल तिच्या पोटाला सोसणार नाही." खरंच होतं ते. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या हवेत तर ते मागाल तेवढं. टाकीत फार दिवस पडून राहिलं की खाली पाण्याचा थर बसू शकतो. शिवाय तेल मिसळायचं. आजच्या तेलाला आणि आजच्या मशीनला लिटरमागे २० मिली पुरतं, या म्हातारीला किमान ४० लागतं. आईच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण त्या कामी आलं. धूर इतका होतो की तेवढ्यापुरते डास जातात. आजवर करवतीचा घराला झालेला फायदा तो एवढाच.

माझ्या अक्कलहुशारीचा कळस मात्र आगळाचा. जुन्या करवतीचे शौकीन गंज काढायला लोखंड व्हिनेगरमध्ये बुडवतात, असं मी वाचलं होतं. व्हिनेगर आणायला बाजारात कोण जातो? घरात कोकमाचं आगळ बरणीभर होतं. साखळी त्यात रात्रभर ठेवली, सकाळी लखलखीत! माझा हात सैल झाला. मशीनचं बाहेरचं झाकणही त्यातच सोडलं. पण ते झाकण लोखंडाचं नव्हतं, मॅग्नेशियमचं होतं. वजन कमी राहावं म्हणून तसं करतात. मॅग्नेशियम आणि आंबट यांचं वैर आहे आणि आगळात वर मीठ. बरणीत सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे यायला लागले. मला वाटलं, गंज निघतोय. संध्याकाळी बाहेर काढलं तेव्हा झाकणातून पलीकडचं अंगण दिसत होतं. झाकण गेल्याचं हिला काही वाटलं नाही. आगळाबद्दल अजून बोलते.

रात्री जेवताना मी वातावरण हलकं करायला आणखी माहिती दिली. साखळीची करवत पहिल्यांदा झाडांसाठी निघालीच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या दोन डॉक्टरांनी, एटकिन आणि जेफ्री यांनी, अडलेल्या बाळंतपणात हाड कापायला हाताने ओढायची छोटी साखळी-करवत केली. ही वाढता वाढता थांबली. आईने डोळ्यांवरून चष्मा काढला, पडवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाळ्या, मेल्या, तू सरळ झालास म्हणून," एवढंच म्हणाली आणि ताक मागितलं.

साखळीचा आजचा आकार मात्र अळीने शिकवला, हे मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने भुंग्याची अळी ओंडका कशी पोखरते ते निरखलं: ती सरळ खात नाही, डावीकडे-उजवीकडे कुरतडत जाते. त्यावरून १९४७ च्या सुमारास त्याने नवी साखळी बेतली. आमच्या माडांवर गेंड्या भुंगा वर्षानुवर्षं बसतोय. आम्ही त्याला शिव्या दिल्या, निरखलं नाही.

असो. परवा सगळं जुळून आलं. पॉइंट घासले, प्लग सांडशीत धरून गॅसवर तापवला, चोक ओढला, एक पाय मशीनवर ठेवला आणि दोरीला हिसके द्यायला लागलो. शेजारची पोरं गडग्यावर बसून मोजतात. पंचविसाला टाळ्या होतात. चाळिसाला खांदा गेला. सत्तेचाळिसाला मी "अजून एकच" म्हणालो, आणि अठ्ठेचाळिसाला ती पेटली.

तो आवाज! माडावरचे कावळे उडाले, आई देवघरातून बाहेर आली, पोरं गडग्यावरून पलीकडे पडली. मी विजयाने फणसाकडे वळलो, तेव्हा लक्षात आलं की बोटाखालचा घोडा सोडला तरी साखळी फिरतेच आहे. रेस जास्त राहिली होती. बंद करू म्हणून बटण दाबलं. त्या बटणाची वायर श्रीखंडाच्या डब्यात होती. चोक ओढावा तर दांडी माझ्या हातात आली. खाली ठेवावी तर ती स्वतःच खळ्यातून चालायला बघत होती, आणि अशा म्हाताऱ्या मशीनला साखळी थांबवायचा ब्रेक नसतो. मी ती हातभर लांब धरून तुळशीभोवती फिरत होतो. पाच प्रदक्षिणा झाल्या असाव्यात. सगळे काहीतरी ओरडत होते, कोणाचं काही ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात ही मागील दाराने आली. हातात ओलं पोतेरं. माझ्या पाठीमागून पुढे झाली आणि जिथून मशीन हवा ओढतं त्या जाळीवर तिने ते पोतेरं थापलं. मशीन दोनदा खोकलं आणि गप्प.

"तुला कसं कळलं?"

"चूल विझवलीये मी. नाक दाबलं की विझतं."

आता मिरगाला आठ दिवस आहेत. फांदी आहे तिथे आहे. बटणाची वायर मी अजून जोडलेली नाही, पण मशीनशेजारी एक खिळा ठोकलाय आणि त्यावर पोतेरं टांगलेलं आहे. आज सकाळी दोरी धरली तेव्हा ही न बोलावता ते काढून दारात उभी राहिली. पोरं गडग्यावर होतीच.

"किती झाले?" तिने त्यांना विचारलं.

"बत्तीस, काकू."