कोटुलाची शाळा आणि लिंडन जॉन्सन : कट्ट्यावरचा एक वाद

गेल्या रविवारी कट्ट्यावर वादाला तोंड फुटले ते आमच्या वकीलमित्राच्या विधानावरून. त्याच्या मते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हे सत्तेसाठी काहीही करू शकणारे गृहस्थ होते आणि आपल्या खडतर बालपणाची कहाणी त्यांनी सोयीने वापरली. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आमच्या गुरुजींना हे अजिबात मान्य नव्हते.

१९०८ साली टेक्सासमधील स्टोनवॉलजवळ जन्मलेल्या जॉन्सन यांचे वडील काही काळ राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते, पण कापसाच्या व्यवहारात ते कर्जबाजारी झाले. १९२४ मध्ये शालेय शिक्षण संपवून मुलगा कॅलिफोर्नियाला गेला, मिळेल ते काम केले आणि परत येऊन रस्त्यांच्या कामावर मजुरी करू लागला. "राजकारण त्याने घरातच पाहिले होते, महत्त्वाकांक्षा तिथलीच," असे वकील म्हणाला, आणि एवढ्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर होते. १९२७ मध्ये सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात दाखल झाल्यावर झाडलोटीच्या कामापासून सुरुवात करून जॉन्सन थेट महाविद्यालयाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात पोहोचले. वरिष्ठांची मर्जी संपादन करण्याची कला त्यांना तेव्हाच साधली होती.

गुरुजींचा सगळा भर मात्र पुढच्या वर्षावर होता. पैशाअभावी शिक्षण थांबवून जॉन्सन १९२८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कोटुला गावी शिक्षक म्हणून गेले. मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी गोऱ्यांच्या शाळेपासून वेगळी ठेवलेली ती शाळा होती; मुले न्याहारीशिवाय, उपाशीपोटी वर्गात येत आणि बहुतेकांना इंग्रजी येत नसे. वीस वर्षांच्या या मास्तराने पहिल्या पगारातून मुलांसाठी खेळाचे साहित्य आणले आणि शाळेत वादविवाद सुरू केले. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना तो शिक्षाही करी, हे वकिलाने लगेच नजरेस आणून दिले, आणि गुरुजींनीही ते नाकारले नाही.

वकिलाचा खरा घाव पुढेच होता. १९३७ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्यापासून पुढची जवळजवळ वीस वर्षे, म्हणजे १९५७ पर्यंत, जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाला विरोध केला. मग कोटुलाची आठवण तेव्हा कुठे गेली होती? हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही आणि तो टाळून जॉन्सन यांची थोरवी गाणे मलाही पटत नाही.

तरीही माझे मत गुरुजींच्या बाजूला झुकते, कारण ११ एप्रिल १९६५ रोजी शालेय शिक्षणाचा कायदा सही करण्यासाठी जॉन्सन आपल्या बालपणीच्या एका खोलीच्या शाळेत गेले, पहिल्या शिक्षिका केट डेड्रिक लोनी यांना शेजारी बसवले आणि कोटुलाच्या माजी विद्यार्थ्यांनाही बोलावले. सोहळा प्रसिद्धीसाठी होता असे मानले, तरी एक अब्ज डॉलरहून अधिक निधी देणाऱ्या त्या कायद्यातील मोठा वाटा गरीब घरांतील मुलांच्या संख्येवरून शाळांना मिळणार होता. म्हणजे ज्या प्रकारच्या मुलांना त्यांनी शिकवले होते, त्यांच्यापर्यंत तो पोहोचावा अशी कायद्याची रचनाच होती.

"पण कोटुलाची ती मुले तोवर चाळिशी ओलांडून गेली होती," वकील म्हणाला. गुरुजींनी त्यावर १५ मार्च १९६५ चे भाषण काढले, ज्यात जॉन्सन यांनी त्या विद्यार्थ्यांच्या मुलामुलींना मदत करण्याची संधी आता मिळाल्याचे सांगितले होते. वकिलाला तेही पुरेसे वाटले नाही. वीस वर्षांच्या मतदानाचा हिशेब आधी द्या, असे म्हणत तो पुन्हा १९३७ वर आला.